‘परवा’ म्हणजे कधी आणि ‘आपण’ म्हणजे कोण: दूर बसलेल्या टीमचं इतिवृत्त

आमची टीम सात जणांची. दोघं ठाण्यात घोडबंदर रोडला, एक नेरुळला, एक चिपळूणला, एक कोल्हापुरात, एक नागपुरात. आणि ज्यांचं काम करतो त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या मॅडम लंडनला. ऐरोलीला ऑफिस आहे, पण तिथे सगळे एकदम जमले असं क्वचितच होतं. बाकी सगळा कारभार कॉलवर. ‘आवाज येतोय का?’, ‘तू म्यूटवर आहेस’, ‘माझी स्क्रीन दिसतेय ना?’ ही नांदी झाली की कामाला सुरुवात.

एका सोमवारी चिपळूणच्या सहकाऱ्याचं नेटवर्क कॉलच्या मध्येच गेलं. तो नसताना जे ठरलं ते मी ग्रुपवर टाकलं. घाईत लिहिलं: ‘टेस्टचा डेटा – परवा.’ मला म्हणायचं होतं, बुधवारी द्यायचा. त्याने वाचलं, परवा दिलाय, म्हणजे शनिवारी. त्याने फोल्डर उघडून पाहिलं, तिथे कुठलीशी जुनी फाइल सापडली, तीच धरून तो कामाला लागला. गुरुवारी लंडनहून विचारणा आली तेव्हा कुठे उलगडा झाला. मराठीत पुढचाही परवा आणि मागचाही परवाच. बोलताना ‘देतो’ की ‘दिला’ यावरून कळतं. क्रियापद गाळलं की दोन्ही परवे एकच. चूक सर्वस्वी माझी होती, आणि त्या आठवड्यात मी इतिवृत्त लिहिणं या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामाकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

ऑफिसात याला कुणी इतिवृत्त म्हणत नाही. ‘एमओएम (मिनिट्स ऑफ मीटिंग) पाठव’ म्हणतात, नाहीतर ‘मिनिट्स टाक’. या मिनिटांचा घड्याळाशी संबंध नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लहान, बारीक. बारीक अक्षरात केलेलं कच्चं टिपण म्हणून ‘मिनिट्स’. हे माहीत नसलं की माणूस मिनिटामिनिटाचा हिशेब लिहायला बसतो. याने हे विचारलं, त्याने ते सांगितलं, मग तिने शंका काढली, अशी चार पानं. ती कुणी वाचत नाही. वाचणाऱ्याला तीनच गोष्टी हव्या असतात: काय ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत. चौथी एक कधीकधी लागते: असं का ठरलं. सहा महिन्यांनी ‘हा शहाणपणा कुणी केला होता?’ असं कुणी विचारलं की ती उपयोगी पडते.

आणि वाचणारा कोण? जो सभेला होता, त्याला आठवत असतं, निदान तसं त्याला वाटत असतं. इतिवृत्त खरं तर त्याच्यासाठी असतं जो नव्हता. ज्याचं नेटवर्क गेलं, जो रजेवर होता, जो तीन महिन्यांनी टीममध्ये येणार आहे. एकाच खोलीत बसणाऱ्यांचं तोंडी निभावतं. मागे वळून विचारता येतं, चहाच्या टपरीवर दुरुस्ती होते. दूर बसलेल्यांना टपरी नसते. त्यांचं तोंडी ठरलेलं म्हणजे बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

सोसायटीच्या वहीतला एक जुना कलम

आमच्या सोसायटीचे चिटणीस काका अजून जाड पुठ्ठ्याची वही वापरतात. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. दर सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय ठरलेला: ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ काका वाचायला लागतात तेव्हा निम्मे लोक मोबाइलमध्ये असतात आणि उरलेले वडा-चहा कधी येतो त्याकडे डोळे लावून. मीही त्यातलाच होतो.

पण त्या एका ओळीत केवढी अक्कल आहे! लिहिणाऱ्याने काय लिहिलं हे सगळ्यांसमोर वाचलं जातं, हरकत घ्यायची संधी मिळते, आणि एकदा ‘कायम’ झालं की ते कुणा एकाचं टिपण राहत नाही, सभेचं होतं. कंपन्यांच्या कायद्यातही हेच तत्त्व जास्त कडक रूपात आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ११८ प्रमाणे संचालक मंडळाच्या सभेचं इतिवृत्त ३० दिवसांत वहीत नोंदवायचं असतं. कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेने घालून दिलेल्या मानकानुसार त्याआधी, सभेनंतर १५ दिवसांत, कच्चा मसुदा संचालकांकडे जातो आणि त्यांनी सात दिवसांत आपलं म्हणणं कळवायचं. भाषेचाही नियम आहे: मजकूर तृतीय पुरुषी आणि भूतकाळात, ठराव मात्र वर्तमानकाळात.

सात जणांच्या टीमच्या सोमवारच्या कॉलला यातलं काही लागू नाही. पण मसुदा, हरकत, मग कायम ही तीन पावलं उचलण्यासारखी आहेत. आम्ही त्याचं असं केलंय: कॉल संपल्यावर इतिवृत्त एक दिवस उघडं ठेवायचं, ज्याला खटकेल त्याने शेजारी टिपणी टाकायची, आणि पुढच्या कॉलची पहिली दोन मिनिटं तेच वाचायचं. पहिल्यांदा सगळे हसले. ‘वडा कुठाय?’ असं कोल्हापूरहून आलंच.

मराठीतले लपून बसणारे शब्द

आमचं बोलणं मराठीत होतं, लंडनच्या मॅडम असल्या की इंग्रजीत. मराठी कॉलचं इतिवृत्त लिहिताना लक्षात आलं की आपल्या भाषेत जबाबदारी लपवायला उत्तम जागा आहेत.

पहिली जागा ‘आपण’. ‘आपण ते उद्या करून टाकू.’ कोण आपण? ‘आम्ही’ म्हटलं असतं तर निदान ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’मध्ये बोलणारा, ऐकणारा, सगळे येतात, म्हणून करायला कुणीच येत नाही. दुसरी जागा सरकारी कर्मणी प्रयोग. ‘कार्यवाही करण्यात यावी’, ‘पाठवण्यात येईल’. वाक्य कसं भारदस्त, फक्त कर्ता गायब. तिसरी, ‘बघतो’. मराठी माणसाचं ‘बघतो’ हे होकारापासून सभ्य नकारापर्यंत काहीही असू शकतं. आवाजाच्या चढउतारावरून कळतं, आणि आवाज कागदावर उतरत नाही. ‘पुढच्या शुक्रवारी’ ही आणखी एक. सोमवारी बोललेला पुढचा शुक्रवार चार दिवसांवर की अकरा? ‘येत्या’ म्हटलं तर वाद नाही. पण तारीख घातली तर प्रश्नच मिटतो.

म्हणून लिहिणाऱ्याचं काम नुसतं लिहिणं नसतं, अडवणं असतं. ‘बघतो म्हणजे घेतलंस असं लिहू का?’ हा प्रश्न तिथल्या तिथे विचारायला थोडा निर्लज्जपणा लागतो. वयाने मोठ्या माणसाला विचारताना तर फारच. त्यावर एक तोडगा सापडला. विचारायचं नाहीच. सगळ्यांना स्क्रीनवर दिसत असेल अशा कागदावर सरळ लिहायचं: ‘सर – गुरुवार, १२ जूनपर्यंत अहवाल देणार.’ पटत नसेल तर सर स्वतःच बोलतात. ‘अरे, गुरुवार नको, शनिवार लिही.’ झालं काम.

आमच्या एका नोंदीचा नमुना असा असतो:

सोमवार, ९ जून. हजर: सहा. गैरहजर: नागपूर (रजा).
ठरलं: लॉगिनचं जुनं पान बंद करायचं. कारण: दोन पानांमुळे तक्रारी दुप्पट येतात.
काम: पान बंद करणं – नेरुळ – बुधवार, ११ जून.
काम: ग्राहकांना कळवायचा मजकूर – ठाणे १ – मंगळवार, १० जून.
लोंबकळत: नवं सर्व्हर कुठलं घ्यायचं. निर्णय नाही. पुन्हा १६ जूनला.

(जागेऐवजी खऱ्या वहीत नावं असतात. इथे ती मुद्दाम गाळलीत.)

‘लोंबकळत’ हा मथळा माझा आवडता. जे ठरलं नाही, ते ठरलं नाही असं लिहून ठेवलं नाही, तर प्रत्येकाच्या डोक्यात ते आपापल्या सोयीने ठरून जातं.

सगळे एकदम लिहितात तरी गोंधळ का होत नाही

आता थोडं यंत्राच्या पोटात डोकावू. गूगल डॉक्ससारख्या कागदावर सात जण सात ठिकाणांहून एकाच वेळी टाइप करतात आणि अक्षरं एकमेकांवर चढत नाहीत. हे कसं?

ठाणे-वाशी लोकलच्या बाकाची कल्पना करा. बाकावर तिघं बसलेत. मी दारातून ओरडून सांगितलं, ‘तिसऱ्याला उठव.’ माझा आवाज पोचेपर्यंत खिडकीशी एक जण घुसला आणि सगळे एकेक जागा सरकले. आता तिसरा म्हणून ज्याला उठवाल तो भलताच. मला हवा असलेला माणूस चौथ्या जागेवर गेलाय. म्हणजे निरोप आहे तसा पाळून चालणार नाही, मधल्या काळात कोण कुठे सरकलं ते बघून ‘तिसरा’ बदलून ‘चौथा’ करावा लागेल.

कागदावर हेच होतं. आपण टाइप करतो तेव्हा सर्व्हरकडे पूर्ण कागद जात नाही, छोट्या सूचना जातात: ‘अमुक जागी हे अक्षर घाल’, ‘तमुक जागचं काढ’. दोन सूचना एकदम आल्या तर सर्व्हर पहिलीमुळे किती जागा सरकल्या ते मोजून दुसरीतला आकडा दुरुस्त करतो. या पद्धतीची मांडणी एलिस आणि गिब्ज या दोघा संगणक-संशोधकांनी १९८९ सालीच केली होती, इंटरनेट घराघरात यायच्या कितीतरी आधी. गूगल डॉक्स त्याच जातकुळीच्या पद्धतीवर चालतं.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. यंत्र अक्षरं जुळवतं, अर्थ जुळवत नाही. मी ‘बुधवार’ खोडून ‘गुरुवार’ केला आणि त्याच क्षणी चिपळूणने ‘बुधवार’ खोडून ‘शुक्रवार’ केला, तर कागदावर ‘गुरुवारशुक्रवार’ असं काहीतरी उभं राहतं. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही आज्ञा चोख पाळल्या. म्हणून लेखनिक एकच असावा आणि बाकीच्यांनी टिपणी किंवा सुचवण्याच्या पद्धतीने लिहावं. म्हणजे बदल लगेच होत नाही, रंगीत अक्षरात दिसतो आणि लेखनिक तो मान्य करतो.

वेबचे नियम ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था याचं जुनं उदाहरण आहे. तिच्या गटांतली माणसं जगभर पसरलेली. कॉलवर बोलणं चालू असताना एक जण लेखनिक होतो आणि चॅटच्या खोलीत भराभर लिहीत जातो. चुकलं की दुसरा तिथेच एका ठरावीक खुणेने दुरुस्ती टाकतो, आणि एक छोटा प्रोग्राम त्या चॅटमधून इतिवृत्ताचं पान तयार करतो. लेखनिकाचं काम आळीपाळीने फिरवायची तिथे पद्धत आहे. आमच्याकडेही ते फिरतं. त्याआधी ते आपोआप टीममधल्या सगळ्यात लहान मुलीकडे जायचं, आणि लिहिण्याच्या नादात तिला बोलायलाच मिळायचं नाही. हे लक्षात यायला आम्हाला वर्ष लागलं, याची लाज वाटते.

‘रेकॉर्डिंग आहे ना, मग कशाला लिहायचं?’

हा प्रश्न हमखास येतो. तासाभराच्या कॉलचं रेकॉर्डिंग बघायला तास लागतो. कुणी बघत नाही. शिवाय ते कुठे जातं हेही धड माहीत नसतं. गूगल मीटचं रेकॉर्डिंग कॉल बोलावणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये पडतं. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये कंपनीने वेगळं काही ठरवलं नसेल तर ते १२० दिवसांनी आपोआप काढून टाकलं जातं. दिवाळीत ठरलेलं होळीनंतर शोधायला गेलात तर जागा रिकामी.

आणि आवाज रेकॉर्ड करायचा तर आधी सांगायला हवं. झूमवर तशी घोषणा होते, पण नुसत्या घोषणेवर न थांबता तोंडाने विचारावं. माणूस ओळखू येईल अशा माहितीसाठी आता आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, रेकॉर्डिंग चालू झालं की माणसं बेतून बोलतात हा अनुभव कुणालाही असेल.

मग येतात बोलणं ऐकून आपोआप लिहून देणारी यंत्रं. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर नावाचं मॉडेल खुलं केलं. ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनीवर ते शिकवलेलं आहे आणि मराठीही ओळखतं. पण आपण कॉलवर बोलतो ती मराठी कुठली? ‘अरे तो बिल्ड फाटला ना, मग मी रोलबॅक मारला.’ यात मराठी किती आणि इंग्रजी किती हे सांगणं माणसालाही कठीण. ‘ऐरोली’चं ‘अरे ओळी’ झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. ते एक वेळ चालेल, हसून दुरुस्त करता येतं. जास्त वाईट म्हणजे कुणी बराच वेळ गप्प असलं की अशी यंत्रं कधीकधी न बोललेली वाक्यं मनाने घालतात. आणि त्यावरून सारांश काढणारी एआय तर आपल्या ‘बघू’ला फार मान देते. ‘बघू’ असं कुणीतरी जांभई देत म्हटलेलं, आणि सारांशात: ‘टीमने या पर्यायाचा विचार करण्याचे मान्य केले.’ कुठे मान्य केले?

माझं मत असं की यंत्राचं टिपण लेखनिकाच्या हाताशी ठेवावं, एखादा आकडा सुटला तर बघायला. इतिवृत्त म्हणून ते पाठवू नये.

लिंक कुणाकुणाला

लिहिलेलं पोचवणं हा सोपा वाटणारा आणि म्हणूनच जास्त चुकणारा भाग. लिंक देताना दोन प्रश्न असतात: कागद कोण उघडू शकतो, आणि उघडणारा काय करू शकतो. ‘ज्याच्याकडे लिंक आहे तो कुणीही’ हा पर्याय घराची किल्ली कुंडीखाली ठेवण्यासारखा. लिंक एकदा व्हॉट्सॲपवर गेली की ती कुठवर फिरली हे कुणाला कळणार नाही. पूर्वी एका ठिकाणी काम करताना आमच्या पगारवाढीच्या चर्चेचं टिपण असंच उघड्या लिंकवर होतं, आणि ते ज्यांनी वाचू नये त्यांनीच आधी वाचलं. नावानिशी, ईमेलवर परवानगी द्यायला दोन मिनिटं जास्त लागतात. ती लागू द्यावीत. टीमला टिपणीची परवानगी, लेखनिकाला लिहिण्याची, बाहेरच्यांना फक्त वाचण्याची, हे आम्हाला पुरतं.

कागद कुणाच्या खात्यात आहे हेही बघा. एखाद्याच्या खासगी जीमेलवर वर्षभराची इतिवृत्तं असतात, तो नोकरी सोडून जातो, आणि मग त्याला रविवारी फोन करून ‘अरे, जरा ॲक्सेस दे ना’ म्हणावं लागतं. कंपनीच्या शेअर्ड ड्राइव्हमधली फाइल माणसाची नसते, टीमची असते. माणूस गेला तरी ती राहते.

लिंकची जागा एकच ठेवावी. आम्ही ती कॅलेंडरच्या आमंत्रणातच टाकतो. दर सोमवारी त्याच लिंकवर नवी नोंद वरच्या बाजूला येते, जुन्या खाली सरकत जातात. दर वेळी नवी फाइल केली तर ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नक्की’ असा परिवार वाढतो.

वेगळी फाइल करावीच लागली तर नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२५-०६-०९. ही आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धत आहे, आणि अशी नावं आपोआप तारखेप्रमाणे रांगेत लागतात. ०९/०६ लिहिलंत तर अमेरिकेतला माणूस ते सहा सप्टेंबर वाचेल. आणखी एक बारीक गोष्ट: फाइलच्या नावांत मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळू नका. आपल्याला ‘२’ एकच वाटतो, कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं आहेत. रांगही बिघडते आणि शोधताना निम्म्या फाइली सापडत नाहीत.

वेळ लिहिताना गाव लिहा. आपलं घड्याळ वर्षभर एकच. लंडनचं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. त्यांचे सकाळचे दहा उन्हाळ्यात आपले दुपारचे अडीच, हिवाळ्यात साडेतीन. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्यातलं कुणी ना कुणी रिकाम्या कॉलमध्ये एकटं बसलेलं असतंच.

राहता राहिली दुरुस्ती. डॉक्समध्ये कुणी कधी काय बदललं याचा इतिहास साठतो, पण तो बघायला लिहिण्याची परवानगी लागते, आणि मुद्दाम उघडल्याशिवाय तो कुणाला दिसत नाही. त्यामुळे कायम झालेली जुनी ओळ गुपचूप बदलली तर वाचणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. आमचे चिटणीस काका वहीत खाडाखोड झाली तर शेजारी सही करतात. आम्ही जुन्या ओळीला हात लावत नाही, नव्या तारखेखाली लिहितो. ९ जूनच्या नोंदीची दुरुस्ती अशी पडली: ‘१६ जून. लॉगिनचं पान ११ ला बंद झालं नाही, १३ ला झालं. मजकूर उशिरा आला – ठाणे १.’ ठाणे १ म्हणजे मी.